बाई गेली, गोष्ट कुणाची?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला मी हातातलं पुस्तक मिटलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसलेला होता, तो पुन्हा पुसला. दुधाचं पातेलं झाकलेलं होतं, ते उघडून पुन्हा झाकलं. आवाजाने ह्यांना जाग आली.

"काय झालं गं?"

"मर्फी गेली," मी म्हटलं.

"मर्फी? तो तर कधीच गेला भंगारात. बाबांचा रेडिओ होता तो."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. ह्यांना काय सांगणार, की ही मर्फी म्हणजे शिकागो शहरातली एक पोलीस अधिकारी, ती कधी जन्मालाच आली नव्हती, आणि तरी गेली दोन वर्षं ती माझ्या घरात रोज दुपारी दोन ते चार राहायला येत होती!

मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला एका पुस्तकाबद्दल सांगणार आहे. नेहमीसारखं 'वाचा, छान आहे' असं सांगायला नाही, तर भांडायला. पुस्तकाचं नाव 'बॅटल ग्राउंड'. लेखक जिम बुचर. २०२० साली आलेलं हे पुस्तक 'ड्रेस्डेन फाइल्स' नावाच्या मालिकेतला सतरावा भाग आहे. हो, सतरावा! आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांनाच लांबण लावता येते असं समजू नका. आणि आधीच सांगून ठेवते, मी शेवट फोडणार आहे. रहस्यकथेचा शेवट फोडू नये, हे मला कळतं. पण ज्याबद्दल भांडायचं आहे ते सांगितल्याशिवाय भांडता कसं येणार?

ही पुस्तकं माझ्याकडे आली ती भाच्यामुळे. पुण्यातलं बिऱ्हाड हलवताना त्याने एक खोका आमच्याकडे ठेवला. "मामी, रद्दीत नको हं देऊस." आता खोका दिसला की तो उघडून बघायचा, हा बायकांचा हक्कच आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे भाषेची फार भीती नव्हती. तरी पहिल्या भागाला शब्दकोश जवळ ठेवावा लागला. तिसऱ्या भागापासून तो कपाटात गेला.

मला या पुस्तकांची गोडी लागण्याचं कारण मात्र जुनं आहे. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, पोलीस खात्यात होत्या. आमच्या घरात गुप्तहेरकथा आणल्या त्या त्यांनी. नव्या नवरीच्या हातात लोकं स्वयंपाकाचं पुस्तक देतात, वन्संनी मला वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणून दिले होते. झुंजार, काळा पहाड, सगळी मंडळी. पुढे नारायण धारपांची पुस्तकं. रात्री दिवा मालवायची भीती वाटायची, आणि वन्सं मात्र नाइट ड्यूटीला निघताना म्हणायच्या, "भुताला नको घाबरूस गं. माणसाला घाबर." तेव्हा 'ड्रेस्डेन फाइल्स' हाती आली आणि पहिल्याच पानांत वाटलं, अरे, हे तर अर्नाळकर आणि धारप एकाच ताटात वाढल्यासारखं आहे!

हॅरी ड्रेस्डेन हा खासगी गुप्तहेर. पण नुसता गुप्तहेर नाही, मंत्रविद्या जाणणारा. शिकागोच्या टेलिफोन डिरेक्टरीत 'जादूगार' या सदराखाली नाव छापून ऑफिस थाटून बसलेला. कुणाची हरवलेली वस्तू शोधून दे, कुणाच्या घरातली बाधा काढ, आणि पोलिसांना एखाद्या खुनाचा उलगडा होईना झाला की त्यांना मदत कर, हे त्याचं काम. भाडं थकलेलं, गाडी म्हणजे एक जुनीपानी निळी फोक्सवॅगन, राहायला तळघर, सोबतीला एक दांडगं मांजर. त्याच्या जवळ गेलं की विजेची उपकरणं बिघडतात, त्यामुळे घरात धड बल्बसुद्धा नाही. लोडशेडिंगचा अनुभव असलेल्या आपल्यासारख्यांना हा माणूस लगेच आपला वाटतो.

जिम बुचर यांनी हे लिहायला कशी सुरुवात केली, तोही एक किस्सा आहे. ओक्लाहोमा विद्यापीठात ते लेखनाचा वर्ग करत होते. शिकवायला डेबोरा चेस्टर नावाच्या लेखिका. बाईंनी सांगितलेल्या पद्धतीने लिहिलं तर किती टुकार पुस्तक होतं, हे दाखवून द्यायचं म्हणून या पठ्ठ्याने सगळे नियम पाळून एक कादंबरी लिहायला घेतली. तीच पुढे २००० साली 'स्टॉर्म फ्रंट' म्हणून छापून आली. म्हणजे बाईंचं ऐकलं म्हणून बुवांचं भलं झालं. घरोघरी मातीच्या चुली!

आता मर्फीकडे येते. कॅरिन मर्फी. उंची जेमतेम पाच फूट. शिकागो पोलिसांत एका विशेष विभागाची प्रमुख. आणि हा विभाग म्हणजे काय? तर ज्या खुनांचा अर्थ लागत नाही, जिथे लांडग्याच्या दातांच्या खुणा सापडतात पण लांडगा सापडत नाही, अशी सगळी नकोशी प्रकरणं जिथे ढकलायची ती जागा. उलगडा झाला तर वरिष्ठांना तो मानायचा नसतो, नाही झाला तर ठपका ठेवायला बाई आहेच. खात्यात, शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत, जिथे जिथे बाई काम करते तिथे ही खुर्ची कुणाची असते हे मी सांगायला नको.

मर्फीकडे मंत्र नाही, तंत्र नाही. समोर पिशाच्च असो की राक्षस, तिच्याजवळ असतं एक पिस्तूल, आयकिडोचं शिक्षण आणि खमकेपणा. पहिल्याच भागात एक छोटा प्रसंग आहे. हॅरी जुन्या वळणाचा, बाईसाठी दार उघडून धरणारा. मर्फीला ते मुळीच चालत नाही. दोघं एका इमारतीच्या दाराकडे जाताना अक्षरशः शर्यत लावतात, दार कोण आधी उघडतं त्याची. मला ही मुलगी तिथेच आवडली.

पण या शर्यतीपेक्षा महत्त्वाचं भांडण दुसरं आहे. सुरुवातीच्या भागांत हॅरी तिला काही सांगतच नाही. खऱ्या धोक्याची माहिती तो दडवतो. कशासाठी? तर तिच्या भल्यासाठी! तिला त्रास नको, तिच्या जिवाला घोर नको. दुसऱ्या भागात एक तरुण मुलगी त्याच्याकडे माहिती मागते, तो देत नाही, आणि त्या अर्धवट माहितीपायी ती मुलगी जिवाला मुकते. 'बायकांना कशाला सांगायचं, उगीच घाबरतील' हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकू येतं! कर्ज झालेलं बाईला माहीत नसतं, जमीन गहाण पडलेली माहीत नसते. कळतं तेव्हा दारात वसुलीवाले उभे असतात. हॅरीला चौथ्या भागात शहाणपण येतं आणि तो मर्फीला सगळं सांगून टाकतो. त्यानंतरच ही जोडी खऱ्या अर्थाने जोडी होते. नुसती रहस्यकथा म्हणून वाचणाऱ्याला हे कदाचित दिसणारही नाही, पण मला या मालिकेची खरी मेख तिथे वाटली.

मर्फीचं घरही लेखकाने दाखवलं आहे. वडीलही पोलिसात होते, ती लहान असतानाच त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. सहाव्या भागात घरच्या मेळाव्याला ती जाते तर काय, तिच्या घटस्फोटित नवऱ्याशी तिच्याच धाकट्या बहिणीचं जमलेलं! सगळे गोतावळ्याने जमलेत, आई समोर आहे, आणि हिने चेहरा हसरा ठेवायचा. तो प्रसंग वाचताना मला वाटलं, राक्षसाशी लढणं यापेक्षा सोपं असेल.

पुढे हॅरीच्या एका मित्राच्या मुलीला वाचवायला ती ड्यूटी सोडून जाते. शिक्षा म्हणून तिला वरच्या पदावरून खाली आणतात. काही भागांनंतर नोकरीच जाते. मधे एका भागात हॅरी मेला असं सगळे धरून चालतात. तेव्हा या बाईजवळ ना पद, ना वर्दी, तरी शहरातल्या लहानसहान शक्तींना एकत्र बांधून ती शिकागो सांभाळते. पंधराव्या भागात तिचे हातपाय मोडतात. आणि सोळाव्या भागात, म्हणजे वीस वर्षांनी, ती आणि हॅरी एकदाचे एकमेकांचे होतात.

सोळावा आणि सतरावा हे दोन भाग मुळात एकच कादंबरी होते. फार मोठी झाली म्हणून तोडून २०२० च्या जुलैत 'पीस टॉक्स' आणि सप्टेंबरात 'बॅटल ग्राउंड' अशी दोन पुस्तकं काढली. त्याआधी वाचकांनी सहा वर्षं वाट पाहिलेली. या तोडातोडीचा परिणाम दिसतो. 'बॅटल ग्राउंड' उघडलं की थेट लढाईत पडतो आपण. समुद्राखालच्या फोमोर नावाच्या जमातीचं सैन्य घेऊन एथनियू नावाची एक प्राचीन महाशक्ती शिकागोवर चालून येते. तिच्याजवळ बालोरचा डोळा आहे. आयर्लंडच्या पुराणकथांतला हा बालोर, ज्याची नजर पडली की सगळं भस्म. आपल्या शंकराच्या तिसऱ्या डोळ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. साऱ्या शहराची वीज जाते, फोन बंद पडतात, आणि बहुतेक सगळं पुस्तक त्या एका रात्रीत घडतं.

खरं सांगू? लढाई फार झाली आहे. हा मेला, तो आला, पुन्हा स्फोट, पुन्हा धूर. मिलेनियम पार्कमधला तो घेवड्याच्या दाण्यासारखा चकचकीत स्टीलचा पुतळा फोटोंत पाहिला असेल तुम्ही, लढाई तिथवर येते. पण गुप्तहेरकथा कुठे आहे? कोडं कुठे आहे? सुरुवातीच्या भागांत हॅरी पायपीट करायचा, चार माणसांना भेटायचा, खोटं पकडायचा. मला ते आवडायचं. या पुस्तकात तो नुसता लढतो. लांबलेल्या मालिकेचं हे दुखणंच असतं. दर भागात संकट आधीच्यापेक्षा मोठं करावं लागतं, आणि ते इतकं मोठं होतं की साधी माणसं त्यात दिसेनाशी होतात. चांगलं तेवढं एक, की पुस्तकात सामान्य शिकागोकरही लढायला उभे राहतात. हातात मिळेल ते घेऊन, आपल्या गल्लीसाठी. ती पानं अंगावर काटा आणतात.

आणि मग ती जागा येते. धड बरी न झालेली मर्फी, मोडलेली हाडं सांभाळत, एका प्रचंड राक्षसाला खांद्यावरून डागायच्या रॉकेटने खाली पाडते. एकटी! मी अक्षरशः 'शाब्बास' म्हणाले. पान उलटलं. समोर रुडॉल्फ नावाचा पोलीस अधिकारी येतो. तिचा जुना सहकारी, तिच्याविरुद्ध खात्यात चौकश्या लावणारा. तो भेदरलेला आहे, हातात पिस्तूल आहे, आणि बोट नको तिथे आहे. ती त्याला शांतपणे सांगते आहे, की बोट काढ. गोळी सुटते. मर्फी जाते. राक्षसाच्या हातून नव्हे, एका घाबरट माणसाच्या हातून.

तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि ओटा पुसायला गेले.

दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, तर पुढची पानं कुणाबद्दल? हॅरीबद्दल. हॅरी संतापाने वेडा होतो, रुडॉल्फच्या जिवावर उठतो, त्याचेच दोन मित्र त्याला आडवे येतात. हॅरीचं दुःख, हॅरीचा राग, हॅरीची परीक्षा. आणि पुस्तक संपायच्या आत, बरं का, त्याचं लग्नही ठरतं! त्याच्या मनाविरुद्ध, ज्या राणीचा तो बांधील आहे तिच्या हुकमाने, हे खरं. पण बाई जाऊन चार दिवस नाही झाले तोवर नवऱ्यामुलासाठी स्थळ तयार, हे चित्र पाहायला आपल्याला शिकागोला जायची गरज आहे का?

या प्रकाराला परदेशात एक नाव आहे. १९९४ साली अमेरिकेत 'ग्रीन लँटर्न' या चित्रकथेच्या एका अंकात नायक घरी येतो आणि त्याला त्याच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रीजमध्ये कोंबलेलं सापडतं. तिचं नाव अलेक्झांड्रा, ती छायाचित्रकार होती. गोष्टीत तिचं काम एवढंच उरलं, की मरून नायकाला पेटवायचं. १९९९ साली गेल सिमोन नावाच्या बाईने अशा सगळ्या स्त्रीपात्रांची यादी केली. ठार मारलेल्या, पंगू केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या. यादीचं नाव ठेवलं 'फ्रीजमधल्या बायका'. तेव्हा त्या केशरचनेचं काम करत होत्या. पुढे स्वतःच चित्रकथा लिहू लागल्या आणि 'वंडर वुमन'सुद्धा त्यांनी लिहिली. तक्रार करणाऱ्या बाईने तक्रारीवर न थांबता लेखणी हातात घेतली, हे मला फार भावलं.

त्या यादीच्या नजरेने हॅरीची कहाणी पाहा. त्याची आई त्याच्या जन्माच्या वेळीच जाते. त्याची पहिली मोठी प्रीती सुसान, वार्ताहर, त्याच्या मुलीची आई. बाराव्या भागात ती त्याच्याच हातून मरते, मुलीला वाचवण्यासाठी, तिच्या स्वतःच्या मर्जीने. आणि आता मर्फी. प्रत्येक वेळी हॅरी थोडा अधिक खोल होतो, थोडा अधिक दुःखी, थोडा अधिक मोठा. त्याला मोठं करायला अजून किती बायका लागणार?

कुणी म्हणेल, गुप्तहेरकथेत माणसं मरायचीच. मान्य. पण कोण मरतं आणि कसं मोजलं जातं, ते बघा. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने १८९३ साली मारलं. वाचकांनी एवढा आकांत केला, की १९०३ साली त्याला परत आणावं लागलं. आणि ज्या कथेत होम्स परत येतो, त्याच कथेत वॉटसनची बायको गेल्याचा उल्लेख आहे. किती? अर्ध्या ओळीचा! कशाने गेली, कधी गेली, काही नाही. होम्स तिच्याबद्दल दोन सहानुभूतीचे शब्द बोलतो आणि दोघं कामगिरीवर निघतात. पुढे वॉटसन आपला दवाखाना विकून पुन्हा होम्सकडे राहायला जातो, झालं. मी ही कथा शाळेत मुलांना कितीदा वाचून दाखवली असेल. ती अर्धी ओळ मला एकदाही टोचली नव्हती. आता टोचते.

का टोचते ते सांगते. आमच्या वन्सं चार वर्षांपूर्वी गेल्या. निवृत्तीला जेमतेम तीन वर्षं झाली होती. पहाटे छातीत दुखलं आणि तालुक्याच्या गावी नेईपर्यंत सगळं संपलं. दहा दिवस घरात माणसांची रीघ. मी पाणी देत होते, चहा करत होते, ऐकत होते. येणारा प्रत्येक जण एकच बोलत होता. "भावोजींचं आता कसं होणार?" "त्यांना साधा चहा करता येत नाही हो." "या वयात एकटं राहायचं म्हणजे शिक्षाच." भावोजींचं दुःख खोटं नव्हतं, मी तसं म्हणत नाही. पण दहा दिवसांत एका माणसाने, एका बाईनेही, वन्संबद्दल काही सांगितलं नाही. पेपरात निधनाची बातमी आली ती 'अमुक यांच्या पत्नी' अशी. एकतीस वर्षांच्या नोकरीचा उल्लेख नाही. फोटो लावला तो भरजरी साडीतला. वर्दीतला एक सुंदर फोटो होता, तो कुणाला आठवलाच नाही. मलाही नाही. ते मला आजही लागतं.

यात्रेच्या बंदोबस्तात एकदा एक पाच-सहा वर्षांची मुलगी चुकली होती. वन्सं तिला मांडीवर घेऊन रात्रभर एसटी स्टँडच्या बाकावर बसल्या होत्या, कारण मुलगी चौकीत जायला घाबरत होती. सकाळी आईबाप सापडले. घरी आल्या, आंघोळ केली आणि भाकऱ्या थापायला बसल्या. ही गोष्ट त्यांनी मला लाटण्याच्या आवाजात जाताजाता सांगितली होती. ती त्या दहा दिवसांत कुणीतरी सांगायला हवी होती. मी चहा गाळत राहिले.

म्हणून मर्फी गेली तेव्हा मी रडले ती नुसती मर्फीसाठी नाही.

तरीही लेखकावर अन्याय करायचा नाही. भांडण केलं तरी दुसरी बाजू ऐकायची असते. एक तर, मर्फी राक्षसाकडून न मरता रुडॉल्फकडून मरते, हे मला आधी क्रूर वाटलं, मग खरं वाटू लागलं. रुडॉल्फने वर्षानुवर्षं डोळ्यांसमोरचं सत्य नाकारलं. जे ही बाई सांगत होती ते खरं आहे असं मानलं असतं, तर त्या रात्री तो तयारीनिशी उभा राहिला असता, भेदरला नसता. राक्षसांशी लढणाऱ्या बाईचा जीव शेवटी तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस घेतो. लेखकाच्या मनात हेच होतं की नाही, कोण जाणे. पण पुस्तकात ते आहे.

दुसरं, याच मालिकेत चॅरिटी कारपेंटर आहे. सात मुलांची आई, घर सांभाळणारी. तिचा नवरा धर्मयोद्धा, आणि त्याचं चिलखत घडवते कोण? तीच! मुलीला पळवून नेलं तेव्हा हीच बाई हातात हत्यार घेऊन परीराज्यापर्यंत जाते. गृहिणीला इतक्या मानाने रंगवणारा लेखक बायकांना कमी लेखतो असं म्हणणं बरोबर होणार नाही.

आणि तिसरं, मर्फीचा स्वतःचा आवाजही त्याने एकदा ऐकवला आहे. 'साइड जॉब्ज' या २०१० च्या कथासंग्रहात 'आफ्टरमॅथ' नावाची दीर्घकथा आहे. हॅरी नाहीसा झाल्यानंतरचे पहिले तास, मर्फीच्या तोंडून. त्यात तिचं भय, तिचा हट्ट, दुःख गिळून कामाला लागणं, सगळं आहे. ती वाचली आणि माझी तक्रार उलट वाढली. अहो, हिला बोलता येतं हे तुम्हाला माहीत होतं, मग शेवटच्या पुस्तकात पाच पानं तिला का दिली नाहीत? त्या रात्री मोटरसायकलवर बसताना, मोडलेल्या पायात कळ येत असताना, तिच्या मनात काय होतं? आपल्याला हॅरीला काय वाटलं तेवढंच कळतं.

मेल्यानंतर मर्फीला वीरांच्या स्वर्गात, वल्हाल्लात, जागा मिळते. पण एक अट आहे. तिला ओळखणाऱ्यांच्या आठवणीतून ती पुसली जाईल, तेव्हाच ती पृथ्वीवर परत येऊ शकेल. म्हणजे ज्यांना ती हवी आहे त्यांना ती कधीच भेटणार नाही. या अटीवर मी खूप विचार केला. लेखकाने वाचकांना होम्ससारखी आशा ठेवू दिलेली नाही. गेलेलं माणूस गेलं. पुस्तकाच्या शेवटी नाताळची एक छोटी कथा जोडली आहे, हॅरी मुलीसाठी सायकलचे सुटे भाग जोडत बसलेला आहे, ते काही केल्या जुळत नाहीत. पाचशे पानांच्या लढाईपेक्षा मला त्या सायकलीत त्याचं दुःख जास्त दिसलं.

अठरावा भाग 'ट्वेल्व्ह मंथ्स' जानेवारी २०२६ मध्ये आला आहे. त्या लढाईनंतरचं एक वर्ष हाच त्याचा विषय. वर्षश्राद्धापर्यंतचा काळ कसा असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पहिली दिवाळी, पहिली संक्रांत, कपाटातल्या साड्या. माझी प्रत यायची आहे. मी वाचणार, हे नक्की. पण मी एकच गोष्ट शोधणार आहे, त्या वर्षभरात कुणी मर्फीबद्दल बोलतं का. हॅरीला तिची किती आठवण येते याबद्दल नव्हे. तिच्याबद्दल.

मग 'बॅटल ग्राउंड' वाचावं का? थेट हेच उचलू नका, काही कळणार नाही. मधून सुरू करायचं असेल तर चौथ्या भागापासून करा, आणि घाई करू नका. इंग्रजी सोपं आहे, बोलल्यासारखं. घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर दोघी मिळून वाचा. मर्फीपर्यंत पोचलात की मला कळवा, आपण पुन्हा भांडू.

आणि अजून एक. त्या आठवड्यात मी माळ्यावरची ट्रंक काढली. वन्संचा वर्दीतला फोटो शोधला, चौकट करून आणली आणि साडीतल्या फोटोशेजारी भिंतीवर लावला. भावोजी आले होते, बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "यात्रेतल्या त्या पोरीची गोष्ट तुला माहितीय का गं?"

मी म्हटलं, "माहितीय. पण तुम्ही सांगा." आणि चहा त्यांनाच करायला लावला.